खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचं छत: मुद्दाम उघडं ठेवलेलं की अर्धवट राहिलेलं?

पायवाट

जानेवारीत नरसोबाच्या वाडीला दोन दिवस मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडवरून खिद्रापूरला गेलो. कोपेश्वराचं देऊळ आधी दोनदा पाहिलं होतं, पण दोन्ही वेळा सोबत गाडीभर माणसं आणि जेवणाची घाई. यावेळी एकटाच होतो. सकाळी दहाला आत शिरलो आणि तीनला बाहेर पडलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूर जिल्ह्याचं, शिरोळ तालुक्याचं हे टोकाचं गाव, कृष्णेच्या वळणात वसलेलं. नदी ओलांडली की कर्नाटक. देऊळ पूर्वाभिमुख, काळ्या बेसाल्टचं, बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातलं. पूर्वेकडून आत गेलं की आधी स्वर्गमंडप, मग सभामंडप, अंतराळ (गाभाऱ्याआधीची छोटी जागा) आणि गाभारा. गाभाऱ्यावरचं शिखर मात्र नंतरचं, विटा आणि चुन्याचं. खालच्या दगडाशी त्याचं काही जमत नाही, हे लांबूनच कळतं.

या धाग्याचा विषय स्वर्गमंडप. एकूण ४८ खांब. त्यातले मधले बारा गोलात उभे. त्या बारांच्या डोक्यावर दगडाचं कडं, कड्याखाली दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार, आपापल्या वाहनांवर बसलेले, आणि कड्याच्या आत काही नाही. थेट आभाळ. सुमारे १३ फुटांचं गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर जवळजवळ तेवढ्याच व्यासाची गोल शिळा.

मी त्या शिळेच्या कडेला बसून ऊन बघत होतो. आधी वाटलं होतं, तिरपं ऊन आहे म्हणजे कवडसा लांबट, अंड्यासारखा पडेल. तसं झालं नाही. कवडसा पूर्ण गोल होता. सूर्याचे किरण समांतर येतात, वरचं भोक आडवं, खालची जमीन आडवी, त्यामुळे सूर्य कुठेही असला तरी जमिनीवर उतरणारा गोल भोकाएवढाच. तो फक्त सरकतो. अकराला तो शिळेच्या वायव्येला होता, पाऊणच्या सुमाराला बरोबर उत्तरेला, देवळाकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला. तेव्हा शिळेची जेमतेम कड त्याने धरली होती आणि बाकीचं ऊन खांबांच्या पायांवर चढलं होतं. काळ्या खांबाची उन्हातली बाजू करडी दिसते आणि कणीन् कणी मोजता येते. सावलीतली बाजू नुसती काळी.

म्हणजे वरचं वर्तुळ, खालचं वर्तुळ आणि मधे फिरणारं उजेडाचं तिसरं वर्तुळ, तिन्ही एका मापाची. हे योगायोगाने होत नाही असं माझं ठाम मत झालंय. हे छत ज्याने केलं त्याने ते उघडंच ठेवायचं ठरवलं होतं. पण हे मत सगळ्यांना मान्य नाही हेही ठाऊक आहे. 'वरचं काम राहून गेलं' असं म्हणणारे बरेच आहेत. जाणकारांनी बोलावं.

वाचनवेडी

सुंदर लिहिलंय. गोल कवडशाची गोष्ट वाचून मी कागदाला भोक पाडून गच्चीत करून पाहिली. खरंच गोलच पडतो. कागद जमिनीला समांतर धरावा लागतो एवढंच.

एक शंका. बहुतेक शिवालयांत पूर्वेला नंदीमंडप असतो. इथे त्या जागी स्वर्गमंडप आहे का? नंदी कुठाय?

पायवाट

हो, नंदी इथे नाहीच. जिथे नंदीमंडप अपेक्षित असतो तिथे हा मंडप आहे. म्हणून तर तो वेगळ्या कामासाठी बांधला असावा असं मला वाटतं. यज्ञाचा धूर वर जायला जागा, असं सांगतात. मला ते फारसं पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

कृष्णाकाठ

नंदीचं मी सांगतो. आमचं गाव जवळच आहे, लहानपणापासून ही कथा ऐकतोय. सती दक्षाच्या यज्ञाला निघाली तेव्हा महादेवांनी तिच्यासोबत नंदी दिला. तिकडे तिचा अपमान झाला, तिने देह टाकला. महादेव कोपले ते इथे येऊन बसले, म्हणून कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत ती या दोघांची. नंदी सतीबरोबर गेला तो परत आलाच नाही. तो यडूरला आहे, पलीकडे कर्नाटकात. माझी आजी खिद्रापूरचं दर्शन झालं की यडूरला गेल्याशिवाय घरी येत नसे. "मालक हितं, बैल तितं, दोघांला बी भेटाय नको?" म्हणायची.

गजथर

पायवाट, तुमचं निरीक्षण आवडलं, पण निष्कर्षाला थोडा लगाम घालतो.

खालची गोल शिळा हा पुरावा म्हणून चालणार नाही. चालुक्य आणि होयसळ देवळांत मधल्या छताखाली गोल शिळा सर्रास असते, आणि तिथे वर छत पूर्ण बंद असतं. कर्नाटकात हळेबीडला जा, बेलूरला जा, नवरंगाच्या (मधल्या सभामंडपाच्या) मध्यभागी ती दिसेल. छताचा मधला भाग आणि जमिनीवरची शिळा यांचं माप जुळवायची ती पद्धतच होती. तेव्हा खिद्रापूरला शिळा आणि भोक जुळतं यावरून एवढंच कळतं की वर काहीतरी गोल करायचं ठरलं होतं. ते उघडं असेल किंवा झुंबरासारखं कोरलेलं बंद वितान (छत) असेल.

दुसरं म्हणजे बांधणी. ही छतं कमानीची नाहीत. एकावर एक दगडाची कडी ठेवत जायची, प्रत्येक वरचं कडं आत थोडं पुढे काढायचं. दगड आत पडायला बघतो, पण एका कड्यातले सगळे दगड एकमेकांना खेटलेले असतात, त्यामुळे कुणालाच आत पडता येत नाही. म्हणून कुठल्याही कड्यावर काम थांबवलं तरी खालचं शेकडो वर्षं उभं राहतं. स्वर्गमंडप इतकी वर्षं टिकला म्हणून तो पूर्ण झाला होता, असंही म्हणता येत नाही.

आणि इतिहासही अर्धवट कामाच्या बाजूने बोलतो. शिलाहार दुसरा भोज याला देवगिरीच्या सिंघण यादवाने १२१२ च्या सुमारास हरवलं, पन्हाळा घेतला, शिलाहारांचं राज्य संपलं. आश्रयदाताच गेला की कारागीर पांगतात. अशी अर्धी राहिलेली देवळं दख्खनमध्ये जागोजागी आहेत.

वाचनवेडी

गजथर, पण मग शिलालेखाचं काय? देवळाच्या दक्षिण दारापाशी सिंघणाचाच लेख आहे, शके ११३६, म्हणजे १२१३-१४. त्यात मिरज प्रांतातलं गाव कोपेश्वराला दान दिल्याचं लिहिलंय. राज्य जिंकून वर्ष-दोन वर्षं होतायत तोवर नवा राजा याच देवाला गाव देतो. म्हणजे देवस्थान चालतं होतं, पूजा-नैवेद्य चालू होता. आश्रयदाता गेला म्हणावं, तर दुसरा लगेच उभा राहिलेला दिसतो.

गजथर

मुद्दा बरोबर आहे, मी तो सोडून द्यायला नको होता. पूजा चालू होती म्हणजे गाभारा, अंतराळ पूर्ण झालं होतं हे नक्की. पण दान पूजेसाठी दिलं जातं आणि बांधकाम वेगळं. गाभारा पूर्ण करून पुढचा मंडप वर्षानुवर्षं रेंगाळणं नवीन नाही. एवढं मात्र मान्य करतो की 'राज्य बुडालं म्हणून काम थांबलं' हे मी जितक्या सहज लिहिलं तितकं सोपं नाही.

वाचनवेडी

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं. लेखात देवाचं नाव 'कोप्पेश्वर' असं येतं, जोड 'प्प'. कन्नडमध्ये 'कोप्प' हा गावाच्या नावात येणारा नेहमीचा शब्द. मला वाटतं नाव मुळात कोप्पचा ईश्वर असं असणार, आणि राग असलेला देव ही कथा मराठी-संस्कृत कानाला 'कोप' ऐकू आल्यावर जुळली असणार. कृष्णाकाठ दादा, आजीच्या गोष्टीचा अनादर नाही. गोष्ट गोड आहेच.

शिवाय १०५४ मधली कोप्पमची लढाई. चोळ राजाधिराज तिथे हत्तीवरच मारला गेला आणि त्याचा भाऊ दुसरा राजेंद्र याने रणांगणातच राज्याभिषेक करून घेतला. समोर होता चालुक्य सोमेश्वर आहवमल्ल. काही इतिहासकार हे कोप्पम म्हणजे खिद्रापूर मानतात, काही कोप्पळ म्हणतात. खिद्रापूर खरं असेल तर हे देऊळ उभं राहायच्या आधीच ही जागा लोकांच्या तोंडी होती.

कृष्णाकाठ

अनादर कसला ताई. आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "नाव कशानं बी पडू दे, देव रागातच हाय." :)

लंबक

उशिरा आलो. मला मूर्ती-शिल्पातलं कळत नाही, पण आकाशाचं थोडं कळतं. 'त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर भोकावर येतो' असं नेहमी सांगतात, ते तपासून पाहू.

खिद्रापूरचा अक्षांश साधारण १६.७ उत्तर. एखादी गोष्ट डोक्यावर यायची तर आकाशात तिची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, तेवढीच हवी. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिक पौर्णिमा ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत कधीही येते, तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १२ ते २१ अंश. म्हणजे चंद्र उत्तरेला तेवढाच. मधोमध १६-१७! चंद्राची कक्षा पाच अंश कललेली असल्याने यात पाचाची कमी-जास्त धरा. तेव्हा लोक सांगतात त्यात तथ्य आहे. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र डोक्यावर येतो, काही वर्षी जवळजवळ अचूक, काही वर्षी जास्तीत जास्त नऊ-दहा अंश बाजूला. चार-पाच अंशांची चूक असेल तर जमिनीवरचा गोल शिळेवरून हातभरच सरकतो, डोळ्याला तो शिळेवरच दिसणार.

याउलट आषाढातली पौर्णिमा घ्या. तेव्हा चंद्र दक्षिणेला खूप खाली असतो, त्याचा उजेड शिळेच्या पार बाहेर, उत्तरेच्या खांबांत पडेल.

आता गजथर यांच्या बाजूने एक गोष्ट. ही गंमत खिद्रापूरपुरती नाही. या अक्षांशावरच्या कुठल्याही अंगणात कार्तिकातला चंद्र डोक्यावर येतो, आणि माघी पौर्णिमेलाही जवळपास तसंच होतं. म्हणून बांधणाऱ्याने हे ठरवून केलं याचा तो पुरावा होत नाही. पण त्रिपुरी पौर्णिमा शिवाची, आणि त्या रात्री या मंडपात उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलं नसेल असंही मला वाटत नाही.

पायवाट

लंबक, मनापासून आभार. हे गणित मी इतकी वर्षं शोधत होतो.

गजथर, शिळेचा मुद्दा मी मागे घेतो. बेलूरला मी स्वतः त्या शिळेवर उभा राहिलोय आणि तरी हे डोक्यात आलं नाही. मात्र एक गोष्ट मला अजून सोडवत नाही. बंद वितानात सगळा भर मधल्या लोलकावर, म्हणजे खाली लोंबणाऱ्या कोरीव दगडावर असतो, नजर आपोआप मध्याकडे खेचली जाते. इथे कोरीव काम कड्यापाशी येऊन थांबतं, आणि सगळी मंडळी त्या कड्याखाली बसलेली. इंद्र हत्तीवर, यम रेड्यावर, आणि दिक्पालांत नसलेला कार्तिकेयही मोरावर. ही मंडळी ज्याच्या भोवती बसली आहेत ते मधलं काय? कोरलेलं कमळ की आभाळ? दिशांचे राखणदार आभाळाभोवती बसवावेत, हे मला फार नैसर्गिक वाटतं. पुरावा म्हणून नाही सांगत, वाटतं ते सांगतोय.

बाहेरच्या भिंतीवरही असाच विचार दिसतो. पायाशी हत्तींची रांग आहे, नव्वदच्या वर हत्ती, आणि अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर घेतलेलं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. एका हत्तीपाशी मी बराच वेळ बसलो. सोंड मुळापासून गेलेली, पण पाठीवरच्या झुलीची दोरी पोटाखालून घेऊन आवळलेली आहे, आणि जिथे ती आवळली आहे तिथे पोटाची कातडी किंचित फुगलेली दाखवली आहे. बेसाल्टमध्ये! हा दगड फार चिवट. छिन्नी जरा तिरकी लागली की ढलपा उडतो. तिथे कुणी बघणार नाही अशा गुडघ्याएवढ्या उंचीवर एका माणसाने दोरीखालची कातडी फुगवली.

गजथर

या हत्तीसाठी तरी जायला हवं. गजथर म्हणजे देवळाच्या पायाशी असते ती हत्तींची रांगच, माझं हे टोपणनाव उगाच नाही.

दिक्पालांबद्दल: बंद छतांतही अष्टदिक्पाल असतात, पण तिथे ते बहुतेक वेळा छताच्या सपाट चौकटीत बसवतात आणि मधल्या चौकटीत नटराज किंवा तसंच काही येतं. इथली मांडणी वेगळी आहे हे खरं. कर्नाटकातल्या इटगीच्या महादेव देवळात १११२ चा मोकळा खांबमंडप आहे, खांबांची कातीव (चरकावर फिरवल्यासारखी गोल) घडण खिद्रापूरच्या जवळची आहे, पण असं उघडं वर्तुळ तिथे नाही.

उत्तर कुठे सापडेल ते सांगतो. त्या कड्याच्या वरच्या तोंडावर. पुढचं कडं बसवायचं असेल तर वरचं तोंड सपाट, टाकीने खडबडीत ठेवलेलं असणार, दगड नीट बसावा म्हणून. आणि उघडंच ठेवायचं असेल तर पाणी बाहेरच्या बाजूला वाहून जावं म्हणून उतार दिलेला असणार. पाथरवट फुकट उतार काढत नाही. ज्यांना मोजणीसाठी वर चढायची परवानगी मिळते अशा कुणी हा धागा वाचला तर कृपया लिहा.

कृष्णाकाठ

पाण्याचं निघालं म्हणून. आमच्याकडे पाऊस तसा कमीच, कोल्हापूरच्या पश्चिमेला पडतो त्याचा चौथा हिस्साही नसेल. मंडपात पावसाचं पाणी आलं म्हणून काही बिघडत नाही. आमच्याकडे पाणी वरून येत नाही, खालून येतं. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. २०१९ ला देवळात पाणी शिरलं होतं. पूर ओसरल्यावर आम्ही पोरं खराटे घेऊन गेलो होतो. मळी असली चिकट की एकदा वाळली की टाकीने काढावी लागेल. तुमच्या त्या हत्तींच्या पायांतून बोटांनी काढली आम्ही. कुठला हत्ती ते आठवत नाही, पण दोरीच्या खाली बोट घातल्यावर दोरी सुटी आहे असं वाटायचं. पायवाट भाऊंनी लिहिलं आणि हाताला आठवलं.

दगड मात्र हलला नाही. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. नदीच्या काठाला आठशे वर्षं. घरं पडली आमची.

वाचनवेडी

हे वाचून डोळे भरून आले. तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

गावात आदिनाथांचं जैन देऊळही आहे ना? तेही जुनंच आहे असं ऐकलंय.

कृष्णाकाठ

आहे, चालत दोन मिनिटांवर. लहान आहे पण घडण एकाच हाताची वाटावी इतकी सारखी. लोक कोपेश्वर बघून परत फिरतात. तसं करू नका.

लंबक

पायवाट, एक सुचवतो. चंद्राची वाट बघण्यापेक्षा सूर्यच घ्या. या अक्षांशावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये ढग आणि कृष्णेचं पाणी, ते सोडा. मेमध्ये दुपारी साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी तुमचं तिसरं वर्तुळ शिळेवर येऊन बसायला हवं. किती नेमकं बसतं त्यावरून वरचं माप आणि खालचं माप हातभर जुळतं की बोटभर, हे तिथल्या तिथे कळेल. शिडी नको, परवानगी नको. खडूनेही खूण करू नका, फक्त दर पाच मिनिटांनी फोटो घ्या.

पायवाट

ठरलं. मेच्या पहिल्या आठवड्यात येतोय. गजथर, तुम्हीही चला.

गजथर

येतो. आणि वर्तुळ बोटभर जुळलं तर मी माझं मत बदलेन असं नाही, पण हत्ती बघायचाच आहे.

कृष्णाकाठ

मेमध्ये येताय तर ऐका. बाहेरचा दगड दुपारी असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. जाड मोजे आणा. सकाळी अकरापर्यंत आमच्याकडे या, ताक पिऊन बारालाच निघू, घरापासून देऊळ दहा मिनिटांवर आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.